झिजलेली चकती

(दहावीच्या १९९६ च्या बॅचच्या तिसाव्या वर्षाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि आपली मुलं' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. मी हो म्हटलं, टिपणंही काढली. पण इथे यायच्या आधी बॅग भरताना त्यात दोन लोखंडी चकत्या ठेवल्या आणि विषय बदलला. संयोजकांची माफी मागते.

त्या चकत्या एका कापडी पिशवीत घालून मी पहिल्या रांगेत दिल्या आहेत. पिशवी मागेपर्यंत फिरू द्या. एक चकती नवी आहे, एक जुनी. दोन्ही हातात घ्या, बोट फिरवून बघा. बोटं थोडी काळी होतील, म्हणून पिशवीत एक जुना पंचाही ठेवलाय. तो वापरा, साडीला पुसू नका.

त्या चकत्या एका पिकअप ट्रकच्या मागच्या डिफरेन्शियलमधल्या आहेत. जुनी मी काढलेली, नवी त्याच संचातली एक जादा उरलेली. हे काम मी कसं केलं आणि त्यात मला काय समजलं, एवढंच आज सांगणार आहे.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना मी आठवत असेन ती गणितात मार्क मिळवणारी, वेण्या घट्ट बांधलेली मुलगी म्हणून. बारावीनंतर मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगला गेले. साठ मुलांच्या वर्गात आम्ही चार मुली. तिसऱ्या वर्षी डिफरेन्शियलचं चित्र मी इतकं सुरेख काढलं होतं की सरांनी ते वर्गात दाखवलं. प्रत्येक गिअरला नाव, प्रत्येक बाणाला दिशा. तोंडी परीक्षेत धडाधड उत्तरं दिली. आणि २००२ मध्ये पदवी मिळाली तेव्हा मी खराखुरा डिफरेन्शियल एकदाही हातात धरला नव्हता. कॅम्पसमधूनच सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. त्यानंतर वीस वर्षं मी पाना धरला नाही.

डिफरेन्शियल म्हणजे काय, ते आधी थोडक्यात सांगते. आपली सव्वीस जानेवारीची कवायत आठवा. चौघांची रांग वळायची तेव्हा आतल्या टोकाचा मुलगा जवळजवळ जागच्या जागी पाय आपटायचा आणि बाहेरच्या टोकाच्या मुलाला लांब ढांगा टाकाव्या लागायच्या. गाडी वळताना तेच होतं. बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला पक्की जोडली तर एक चाक घासत जाईल. म्हणून मधे डिफरेन्शियल असतो. तो दोन्ही चाकांना ताकद देतो, पण वेगवेगळ्या गतीने फिरायची मोकळीकही देतो.

या मोकळिकीत एक अडचण आहे. साधा डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक चिखलात गेलं की ते जवळजवळ जोर न लागताच फिरतं, आणि मग दुसऱ्यालाही तेवढाच किरकोळ जोर मिळतो. पावसाळ्यात रुतलेली गाडी आपण सगळ्यांनी बघितली आहे. एक चाक गरगर फिरत चिखल उडवतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक ढिम्म उभं असतं. मग खाली दगड टाका, पोती टाका, उतरून ढकला.

यावरचा एक उपाय म्हणजे लिमिटेड-स्लिप डिफरेन्शियल. त्यात दोन्ही बाजूंना चकत्यांचा एकेक गठ्ठा असतो. घर्षणाची चकती, पोलादी चकती, पुन्हा घर्षणाची, अशा एकाआड एक. घर्षणाच्या चकत्या आतून चाकाकडच्या गिअरला अडकलेल्या, पोलादी चकत्या बाहेरून डिफरेन्शियलच्या कवचाला अडकलेल्या. मधली एक स्प्रिंग त्यांना सतत दाबून धरते. एक चाक घसरायला लागलं की या चकत्या एकमेकींना घासून त्याला आवरतात, आणि थोडा जोर पकड असलेल्या चाकाकडे जातो. वळताना मात्र त्या थोड्या सरकू देतात. मोकळीक आणि पकड, दोन्ही. फक्त जे घासून काम करतं ते झिजतंही.

आता माझ्या ट्रककडे येते. आम्ही मिशिगनमध्ये राहतो. माझ्या नवऱ्याला सुतारकामाचा नाद आहे, लाकूड आणायला म्हणून आम्ही २०१४ मध्ये एक जुना ट्रक घेतला, फोर्डचा एफ-१५०, १९९९ चं मॉडेल. ताकद फक्त मागच्या चाकांना. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर अ‍ॅक्सलचा सांकेतिक क्रमांक असतो, त्यावरून कळलं की याला लिमिटेड-स्लिप आहे. ते वाचून बरं वाटलं होतं, आणि पुढची दहा वर्षं मी तिकडे ढुंकून पाहिलं नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये माझी नोकरी गेली. अठरा वर्षं एका कंपनीत होते. सकाळी सव्वानऊला एक मीटिंग लागली, ती सात मिनिटांत संपली, आणि दुपारपर्यंत माझा लॅपटॉप मला आत घेईना. त्या दिवशी घरात बसून विचार केला की अठरा वर्षांत केलेलं असं काय आहे जे मी आता कुणाला हातात घेऊन दाखवू शकते? काही नव्हतं. मी चिपळूणला आई-बाबांना कळवलं नाही. रोज व्हिडिओ कॉल व्हायचा, मी रोज म्हणायचे, "काम चालू आहे, जरा घाई आहे."

जानेवारीत एका संध्याकाळी मुलीला व्हायोलिनच्या क्लासमधून आणायला गेले. नवरा बाहेरगावी, म्हणून ट्रक घेतला. पार्किंगमधून रस्त्यावर यायला एक चढ आहे, फार तर पंधरा फुटांचा. बाहेर उणे चौदा अंश, चढाच्या उजव्या बाजूला बर्फाची काच झालेली. ट्रक अर्ध्यावर गेला आणि थांबला. उजवं चाक गरगर फिरतंय, डावं कोरड्या सिमेंटवर स्वस्थ उभं आहे. अगदी आपल्या रुतलेल्या गाडीसारखं. पाऊण तास गेला. मुलगी शेजारी कुडकुडत होती. ती मला म्हणाली, "आई, तू मेकॅनिकल इंजिनिअर आहेस ना?" तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच वाटत होतं की मला काहीतरी येत असेल.

शेवटी एका अनोळखी माणसाने त्याच्या गाडीतली वाळू आमच्या चाकाखाली टाकली आणि आम्ही निघालो.

गॅरेजमध्ये विचारलं. चकत्या बदलून द्यायचे चौदाशे डॉलर. शेवटी वर असंही सांगितलं, "एवढा खर्च करण्यासारखा हा ट्रक राहिलेला नाही." त्यांचं चुकलं नव्हतं. पण नोकरी नसलेल्या माणसाला 'आता खर्च करण्यासारखं राहिलेलं नाही' हे वाक्य वेगळंच ऐकू येतं. मी घरी आले आणि सुट्या भागांची यादी काढली. चकत्यांचा संच, तेल, तेलात घालायचं खास द्रव्य, अ‍ॅक्सलची नवी ऑइल सील. सगळं मिळून सव्वादोनशे डॉलर.

बाबांना फोनवर म्हटलं, "बाबा, ट्रकचा डिफरेन्शियल उघडायचा विचार आहे." ते एसटीच्या आगारात बत्तीस वर्षं मेकॅनिक होते, हे इथे बहुतेकांना माहीत आहे. कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. क्षणभर थांबून त्यांनी विचारलं, "डिफ्रन्सल? कोण उघडणार?"

"मी."

"बरं," ते म्हणाले. "मग आधी उघडू नकोस. आधी तपास."

ही मला मिळालेली पहिली शिकवण. बिघडलंय असं वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं. या अ‍ॅक्सलची तपासणी सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची, बाकीच्या चाकांना पक्क्या उटी लावायच्या, मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं आणि ते टॉर्क रेंचने फिरवून बघायचं. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असल्यामुळे हे चाक चकत्यांच्या पकडीविरुद्ध फिरावं लागतं. फिरायला निदान २७ न्यूटन-मीटर जोर लागला पाहिजे. माझं चाक अकराला फिरलं. म्हणजे पकड जवळजवळ संपली होती.

काम सुरू केलं मार्चच्या शेवटी, थंडी जरा कमी झाल्यावर. आमच्याकडे सकाळचे आठ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेपाच. बाबांचा चहा झालेला असायचा. मी फोन एका डब्यावर टेकवून ठेवायचे. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून मी ओरडून बोलायचे आणि शेजाऱ्यांना वाटायचं आमच्या घरी भांडण चाललंय.

ट्रक घोड्यांवर चढवला. नुसत्या जॅकवर ठेवून कधीही खाली शिरायचं नाही, हे बाबांनी तीनदा बजावलं, आणि मी तुम्हालाही बजावते. चाकं काढली, ड्रम काढले. या अ‍ॅक्सलला तेल सोडायचा वेगळा बोल्ट नसतो. मागचं झाकण दहा बोल्टांनी बसवलेलं असतं, ते सैल केलं की तेल खाली येतं. गंधकाचा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. गिअरच्या तेलात गंधकाची संयुगं मुद्दाम घातलेली असतात, दात एकमेकांत खरडू नयेत म्हणून.

"बोटावर घे," बाबा म्हणाले. "चोळून बघ. काय लागतंय?"

"करडं, पिठासारखं."

"पीठ असेल तर चालेल. ती झीज आहे. नखाला टोचलं तर थांब, मग दात तुटलाय."

टोचलं नाही. क्राऊन आणि पिनियनचे दात चांगले होते. त्यामुळे कवच जागेवरून हलवायची गरज नव्हती. हे या अ‍ॅक्सलचं मोठं सुख आहे. कवचाला एक खिडकी असते, चकत्या तिच्यातूनच काढता-घालता येतात. क्राऊन-पिनियनमधली चाल बिघडत नाही. ती पुन्हा जुळवायची वेळ आली असती तर मी झाकण परत लावून टाकलं असतं.

मग एकेक पायरी. मधली पिन एका बारीक बोल्टने अडवलेली असते, तो बोल्ट काढायचा. घाई केली तर तो आतच मोडतो, म्हणून अगदी सावकाश. पिन बाहेर. अ‍ॅक्सल आतल्या बाजूला ढकलायचा की टोकाशी एक छोटी इंग्रजी 'सी'च्या आकाराची कडी सुटते. या अ‍ॅक्सलवर चाकाला धरून ठेवणारी तीच. कडी निघाली की अख्खा अ‍ॅक्सल बाहेर येतो. मग 'एस'च्या आकाराची ती दाबाची स्प्रिंग. पंच आणि हातोडीने ठोकत बाहेर काढायची. ती उडते, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. मग मधले दोन छोटे गिअर हाताने फिरवत फिरवत खिडकीपाशी आणायचे. बाबा त्यांना 'स्टार' म्हणतात. ते निघाले की चकत्यांचे गठ्ठे हातात येतात.

प्रत्येक गठ्ठा जसा निघाला तसा तारेत ओवून ठेवला, डावा वेगळा, उजवा वेगळा. हेही बाबांनीच सांगितलं.

जुन्या चकतीवर बोट फिरवलंत तर कळेल, ती गुळगुळीत आहे. नवीला खरखरीत थर आहे आणि तेल वाहायला बारीक खाचा आहेत. जुनीच्या खाचा जवळजवळ नाहीशा झाल्यात. यात बनवणाऱ्यांचा दोष नाही. पंचवीस वर्षं, १,७८,००० मैल, म्हणजे जवळजवळ २,८६,००० किलोमीटर. आणि दहा वर्षं मी त्याचं तेल बदललं नव्हतं. त्या तेलात घर्षण नियंत्रित करणारं खास द्रव्य असावं लागतं, नाहीतर वळताना चकत्या अडकत-सुटत थरथरतात आणि लवकर संपतात. मला ती थरथर दोन वर्षं जाणवत होती. मी रेडिओचा आवाज वाढवायचे.

एवढ्या वर्षांत ट्रक एकदाही बंद पडला नाही, दिवा लागला नाही, आवाजही फारसा झाला नाही. कोरड्या रस्त्यावर कळायचं काही कारणच नव्हतं. कळलं ते बर्फावर.

त्या दिवशी काम थांबवून मी फोनसमोर बसले आणि हात पुसायला लागले. बाबा स्क्रीनवरून बघत होते. ते हसले आणि म्हणाले, "साबणाने नाही जायचं ते. आधी गोडं तेल चोळ. नखातलं तर तरी राहतंच चार दिवस."

मला पुढे बोलताच येईना. का ते आज सांगते. बाबा इथे तिसऱ्या रांगेत बसले आहेत आणि हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही.

१९९६ च्या जानेवारीत याच सभागृहात आपला बक्षीस समारंभ होता. गणिताचं पहिलं बक्षीस मला होतं. पालकांसाठी छापील आमंत्रण मिळालं होतं. मी ते आईला दिलं आणि बाबांना म्हटलं, "तुमची ड्यूटी असेल ना, राहू दे." त्यांची ड्यूटी नव्हती. त्यांनी मुद्दाम पाळी बदलून घेतली होती, हे मला आईने नंतर सांगितलं. मला ते यायला नको होते. कारण एकच. त्यांचे हात. नखांत ते काळं कायम असायचं. पुढच्या रांगेत डॉक्टरांच्या, वकिलांच्या, प्राध्यापकांच्या शेजारी ते बसतील आणि टाळ्या वाजवताना त्यांचे हात दिसतील, याची मला लाज वाटली होती. मी सोळा वर्षांची होते, एवढंच म्हणू शकते. तेवढं पुरेसं नाही, हे मलाही माहीत आहे.

त्या दिवशी बाबा घरीच थांबले. संध्याकाळी बक्षिसाचं पुस्तक त्यांच्या हातात द्यायला गेले, तर म्हणाले, "थांब, हात धुऊन येतो." हात धुतलेलेच होते.

आणि अठ्ठावीस वर्षांनी मिशिगनमधल्या गॅरेजमध्ये माझ्या नखांत तेच काळं होतं, आणि ते मला गोडं तेल लावायला सांगत होते.

आता चकत्या घालण्याचं सांगते, कारण खरी फजिती तिथे झाली. नव्या चकत्या आधी त्या खास द्रव्यात बुडवून ठेवायच्या. कोरड्या घातल्या तर पहिल्याच वळणावर जळायच्या. नवा गठ्ठा जुन्यापेक्षा जाड, त्यामुळे स्टार गिअर परत आत जाता जात नाहीत. दोन्ही स्टार एकमेकांच्या बरोबर समोरासमोर धरून एकदमच फिरवत आत न्यावे लागतात. एकाचा जरी एक दात मागे-पुढे झाला तरी भोकं जुळत नाहीत आणि मधली पिन जात नाही.

दोन तास खटपट करून ते आत बसवले. पिन घातली. अर्ध्यावर अडली. डोळा लावून पाहिलं, भोक अर्धचंद्राएवढं दिसत होतं. एक दात चुकला होता. मी हातोडी उचलली.

"हातोडी ठेव खाली," बाबा म्हणाले.

"थोडंसंच राहिलंय."

"दात चुकलाय. ठोकून दात जुळत नाही. काढ सगळं."

आणि मला आठवल्या आपल्या शिवणाच्या बाई. मुलग्यांना कार्यानुभवाला सुतारकाम असायचं आणि आम्हा मुलींना शिवण. मला त्याचा किती राग यायचा ते माझ्या बाकावरच्या मैत्रिणींना आठवत असेल. रंधा आणि करवत तिकडे, आणि आम्ही इकडे झबली शिवतोय. माझी शिवण नेहमी वाकडी जायची आणि मी ती ओढून-ताणून इस्त्रीने सरळ करायला बघायचे. बाई कापड हातात घ्यायच्या, एक नजर टाकायच्या आणि म्हणायच्या, "उसव." मी तोंड वाकडं केलं की म्हणायच्या, "उसवता येत नाही त्याला शिवता येत नाही." मला ते तेव्हा फक्त जाच वाटायचं.

मी सगळं उसवलं. दुसऱ्यांदा घातलं, पुन्हा एक दात चुकला. पुन्हा उसवलं. तेव्हा संध्याकाळ झाली होती, म्हणजे बाबांकडे पहाटेचे साडेतीन. ते झोपले नव्हते. आई मागून ओरडत होती आणि ते तिला हाताने गप्प करत होते. आणि तिथे, जमिनीवर पाठीवर पडलेली असताना, मी एकदम सांगून टाकलं, "बाबा, माझी नोकरी गेली आहे. चार महिने झाले."

ते काही बोलले नाहीत. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. मग म्हणाले, "म्हणजे उद्या सकाळी ऑफिसला जायचं नाही."

"नाही."

"मग घाई काय आहे? आता झोप. उद्या कर. थकलेल्या हाताने दात नेहमी चुकतो."

एवढंच. ना काळजीचा सूर, ना सल्ला. चार महिन्यांत पहिल्यांदा मी त्या रात्री सलग झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही स्टारांवर खडूने खुणा केल्या, क्लॅम्पने गठ्ठे दाबले, आणि पहिल्याच फेरीत पिन सरळ आत गेली. लोणी कापावं तशी. बाबा म्हणाले, "गेली?" मी म्हटलं, "गेली." त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, "गेली गं!" आईला काय गेलं ते कळलंच नाही.

मग स्प्रिंग, अ‍ॅक्सल, कड्या, नवी सील, नवा बोल्ट. झाकण लावून सुमारे अडीच लिटर तेल आणि त्यात ते द्रव्य. रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये ट्रक नेला आणि मुलीला शेजारी बसवून सावकाश इंग्रजी आठच्या आकारात फेऱ्या मारल्या, उजवीकडे, डावीकडे, पुन्हा पुन्हा. त्याने तेल प्रत्येक चकतीच्या मधे जातं. घरी येऊन पुन्हा टॉर्क रेंच लावला. अकराला फिरणारं चाक आता बावन्नला फिरलं.

उगाच मोठा दावा करत नाही. दोन्ही चाकांखाली काचेसारखा बर्फ असेल तर लिमिटेड-स्लिपही काही करू शकत नाही, पकड कुठेच नसेल तर ती कुणाला देणार? चांगले टायर आधी, मग हे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, म्हणून हिवाळ्यात आम्ही मागे वाळूची पोतीही ठेवतो. पण गेल्या हिवाळ्यात त्याच पार्किंगमध्ये, त्याच चढावर, उजव्या बाजूला तसाच बर्फ असताना ट्रक क्षणभर घसरला, मागे काहीतरी घट्ट झाल्यासारखं जाणवलं, आणि तो वर चढला. मुलगी फोनमध्ये बघत होती. तिला कळलंही नाही. दुरुस्ती नीट झाली की असंच होतं, कुणाला कळत नाही.

नोकरी मला जूनमध्ये मिळाली. आधीपेक्षा लहान कंपनी, पगार थोडा कमी. ट्रकमुळे मिळाली असं काही नाही. पण मुलाखतीत त्यांनी विचारलं की अलीकडे केलेली एखादी अवघड गोष्ट सांगा, तेव्हा मी ही सांगितली, आणि तिसऱ्या खेपेला पिन गेली हेही सांगितलं. आता माझ्या हाताखालची मुलं चुकीच्या पायावर रचलेला प्रोग्रॅम ठोकून बसवायला बघतात, तेव्हा मी म्हणते, "उसवा." त्यांच्यात एक तेलुगू मुलगा आहे आणि एक पोलंडची मुलगी. दोघांनाही हा शब्द आता येतो.

माझ्या वर्गातल्या बऱ्याच जणांना गेल्या दोन-तीन वर्षांत काही ना काही झालंय, हे मला आपल्या ग्रुपवरून कळतं. कुणाचं दुकान, कुणाची नोकरी, कुणाची तब्येत. २०२१ च्या पुरात तर इथल्या कित्येकांचं होतं-नव्हतं ते चिखलात गेलं. बाबांची हत्यारांची पेटीही पाण्याखाली होती. आई म्हणाली भंगारात द्या. त्यांनी एकेक पाना घासून, तेल लावून पुन्हा पेटीत ठेवला. मी तेव्हा फोनवर म्हटलं होतं, "बाबा, आता कशाला लागणार आहेत ते?" त्यातलाच एक पाना त्यांनी यावेळी मला दिला आहे. मी तो नेणार आहे.

शेवटी दोन गोष्टी मागते. एक म्हणजे, आपल्या बॅचच्या निधीतून काय द्यायचं याची चर्चा चालू आहे. संगणक द्या असं मीच आधी लिहिलं होतं. ते मी मागे घेते. शाळेची कार्यशाळेची खोली दुरुस्त करूया. पाने, कानशी, व्हाइस, एखादा भंगारातला डिफरेन्शियल कापून ठेवलेला. आणि तिथे मुलगे आणि मुली दोघंही जातील. शिवणही दोघंही शिकतील. मुलग्यांनाही उसवता आलं पाहिजे. माझा वाटा मी आज देऊन जाते आहे, आणि या दोन चकत्या त्या खोलीसाठी.

दुसरी गोष्ट बाबांकडे मागते. बाबा, १९९६ चं आमंत्रण मी तुम्हाला दिलं नव्हतं. ते आज देते. पिशवी तुमच्या रांगेपर्यंत आली असेल. ती घेऊन इकडे वर या, आणि झिजलेली चकती कशी ओळखायची ते या सगळ्यांना तुम्हीच दाखवा. हात धुवायला जाऊ नका.